भूसंपादनाची पाठचिकित्सा

'संपादन' हा शब्द आम्हां मराठीच्या शिक्षकांना इतका सवयीचा झालेला असतो की त्याला दुसरा काही अर्थ असेल हे चटकन लक्षात येत नाही. एम.ए.च्या वर्गाला ग्रंथसंपादनाचा भाग शिकवताना गेली सोळा वर्षे मी फळ्यावर तोच क्रम लिहीत आले आहे : प्रती मिळवणे, त्यांची तुलना करणे, पाठभेद नोंदवणे, पाठ निश्चित करणे, आणि त्यानंतर संपादन. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे उदाहरण दरवर्षी देते. मुलेही ते उत्तरपत्रिकेत दरवर्षी लिहितात. मात्र २०१८ च्या उन्हाळ्यात हा शब्द एका सरकारी लिफाफ्यातून आमच्या माणदेशातल्या घरी आला, आणि त्या लिफाफ्यावर माझ्या आजोबांचे नाव होते. आजोबा १९८८ मध्ये वारले.

गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग जायचा होता. त्यासाठी आमच्या एका गटातील ०.२४ हेक्टर आर क्षेत्र 'बाधित' होत होते. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बघ काय म्हणतंय सरकार. तू मराठीची बाई हैस." मराठीची बाई तो कागद तीनदा वाचूनही पुरता समजू शकली नाही, हे कबूल केले पाहिजे. जि., पो.ख., हे.आर., आकारबंदानुसार क्षेत्र, शेरा. शब्द सगळे मराठी होते, लिपी देवनागरी होती, वाक्य मात्र एकही नव्हते. 'बाधित' एवढा एक शब्द आईला कळला. आमच्याकडे बाधा भुताची होते. त्या अर्थानेही तो फारसा चुकीचा नव्हता, असे आता वाटते.

भूसंपादनाविषयी आपल्याकडे जे बोलले नि लिहिले जाते ते बहुतेक दोन टोकांशी असते. एका टोकाला 'जमीन द्यावी की न द्यावी' आणि दुसऱ्या टोकाला 'मोबदला किती'. गुणांक एक की दोन, दिलासा रक्कम किती टक्के, रेडीरेकनर कोणत्या वर्षाचा, यांवर वर्तमानपत्रांत रकाने भरतात. या दोहोंच्या मधला जो दिवस असतो, ज्या दिवशी चार माणसे यंत्र घेऊन शेतात येतात, काही आकडे घेतात आणि पंचांच्या सह्या घेऊन परत जातात, त्या दिवसाविषयी कोणी फारसे लिहीत नाही. माझे म्हणणे असे की, जमीन खरोखर जाते ती त्या दिवशी. त्यानंतर जे होते ते त्या दिवशीच्या कागदाचे वाचन असते. कागदात जे आले त्याला पैसे मिळतात. जे आले नाही ते नव्हतेच, असे समजून पुढची प्रक्रिया चालते.

या दिवसाला सरकारी भाषेत 'संयुक्त मोजणी' म्हणतात. संयुक्त अशासाठी की भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक, महसूल खात्याचा प्रतिनिधी, ज्याला रस्ता करायचा आहे त्या संपादन संस्थेचा माणूस, झाडांसाठी कृषी वा वन खात्याचा, बांधकामासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याचा, अशा सर्वांनी एकाच वेळी जागेवर हजर राहायचे असते आणि जमीन, तिच्यावरची झाडे, विहिरी, पाइपलाइन, घरे, गोठे या सर्वांची एकत्रित नोंद करायची असते. कल्पना उत्तम आहे. एखाद्या पोथीच्या पाठनिश्चितीसाठी भाषाशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि छंदाचा जाणकार एका मेजाभोवती बसावेत तशी. आमच्या गटावर त्या दिवशी आला तो भूकरमापक आणि त्याचे दोन मदतनीस. बाकीच्यांनी सह्या कार्यालयात बसून केल्या. मोजणी संयुक्त झाली ती सह्यांपुरती.

अण्णा त्या दिवशी गावात नव्हते. आईला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात होते. मोजणीची नोटीस आजोबांच्या नावे निघाली होती आणि ती 'मयत' असा शेरा मारून चावडीवर चिकटवली गेली होती. आमच्या बाकीच्या गटांवर वारसनोंद झालेली आहे. या एकाच गटावर ती राहून गेली. हस्तलिखितांत लेखकाची नजर एका ओळीवरून घसरून खालच्या ओळीवर जाते आणि मधली ओळ गळते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तसाच हा प्रकार. गळलेली ओळ तीस वर्षे कोणाला बोचली नाही. सारा भरला जात होता, पीक निघत होते, भावाभावांत तोंडी वाटप झालेले होते आणि ओढ्याकडची बाजू अण्णांची हे सगळ्या शिवाराला ठाऊक होते.

मोजणी पत्रकात आमच्या गटापुढे झाडांच्या रकान्यात 'लिंब ३, बोर १' असे होते. विहिरीच्या रकान्यात एकच शब्द होता : निरंक.

विहीर १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी खणलेली. ती रस्त्याच्या आखणीत पुरती येत होती. वर बाभळी माजल्या होत्या आणि मे महिन्यात पाणी नव्हते हे खरे. तरीही चाळीस फूट खोल दगडी बांधकाम दिसू नये इतकी ती लहान नव्हती. पुढे कागद काढले तेव्हा उलगडा झाला. त्या विहिरीची नोंद सातबाऱ्यावर होती, पण शेजारच्या गटाच्या सातबाऱ्यावर. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा ती कोणाच्या तरी लेखणीतून बांध ओलांडून पलीकडे गेली. शेजारचा गट रस्त्यात जात नव्हता. म्हणजे जिथे विहीर होती तिथे नोंद नव्हती, आणि जिथे नोंद होती तिथे विहीर नव्हती. मोजणीदार कागद हातात घेऊन आला होता. कागदात विहीर नाही, सांगायला धनी हजर नाही. त्याने निरंक लिहिले. सगळा दोष त्या एका माणसाच्या माथी मारावा असे मला वाटत नाही. त्याला त्या दिवशी आणखी दहा-बारा गट उरकायचे होते. दोष त्या रचनेचा आहे जिच्यात जमीन पाहायला गेलेला माणूस कागदच पाहून येतो.

येथे थोडे मागे जायला हवे. आपण ज्यावर विसंबतो ती मूळ मोजणी कशासाठी झाली होती? शिवकाळातील पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा हे सर्व आपण बखरींच्या निमित्ताने शिकवतो. आजच्या अभिलेखाचा पाया मात्र त्यानंतरचा आहे. इंग्रजी अमलात प्रिंगलची पहिली पाहणी फसली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली आणि १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने पद्धत पक्की झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, चाळीस गुंठ्यांचा एकर, कोपऱ्यांवर दगड, आणि प्रत्येक शेताचे हाताने काढलेले टिपण. ही मोजणी सारा बसवण्यासाठी होती. कोणाकडून किती वसूल करायचे हा तिचा प्रश्न होता. कोणाचे काय गेले हा तिचा प्रश्न कधीच नव्हता.

या फरकाचे परिणाम साधे नाहीत. पोटखराब्याचे उदाहरण घ्या. शेतातला जो तुकडा खडकाळ, लागवडीला नालायक, त्याला मोजणीदार पोटखराब लिहीत असे आणि त्यावर आकार बसत नसे. रयतेच्या दृष्टीने ती सवलत होती. एखाद्या शेतकऱ्याने पोटखराबा थोडा अधिक लिहून घेतला असेल तर त्याला शहाणा म्हणत असतील. पुढच्या तीन पिढ्यांनी सुरुंग लावून, गाळ ओढून तो तुकडा पिकाखाली आणला, पण कागद बदलला नाही. बदलण्यात कोणाचाच फायदा नव्हता. आता संपादनाच्या वेळी तोच शब्द उलटा फिरतो. ज्या तुकड्यात डाळिंब उभे आहे तो कागदावर पो.ख., आणि पो.ख.ला दर कमी. साऱ्यातली सूट मोबदल्यातली तूट होऊन परत येते. शब्दाचा अर्थ संदर्भाने बदलतो हे आम्ही शिकवतो खरे, पण संदर्भ बदलल्याबरोबर तोच शब्द एका कुटुंबाचे काही लाख रुपये गिळतो, असले उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही.

म्हणूनच मला संपादनाच्या आधीची मोजणी ही पाठचिकित्साच वाटते. एकाच शेताच्या निदान चार प्रती असतात. टिपण एक क्षेत्र सांगते, आकारबंद दुसरे, सातबारा तिसरे, आणि बांधावर उभे राहिले की दिसणारी वहिवाट चौथे. (मोजणीच्या नकाशाला भूमी अभिलेख खात्यात 'क प्रत' म्हणतात हे मला कळले तेव्हा मौज वाटली. आपणही हस्तलिखितांना क, ख, ग अशीच नावे देतो.) यांत कोणती प्रत प्रमाण धरायची हे ठरवल्याखेरीज संपादनाला हात घालू नये, ही प्राथमिक शिस्त आहे. एखाद्या अभ्यासकाने एकाच भ्रष्ट प्रतीवरून अभंगांची गाथा छापली तर आपण त्याला परिसंवादात उभे करू. जमिनीच्या बाबतीत हीच गोष्ट सर्रास चालते आणि तिला 'अभिलेखानुसार' असे भारदस्त नाव आहे.

कायद्याला हे ठाऊक नाही असे मात्र नाही. १८९४ चा भूसंपादन कायदा या बाबतीत रुक्ष होता. चौथ्या कलमाची अधिसूचना निघाली की सरकारी माणसाला शेतात शिरण्याची, पातळ्या घेण्याची, खणण्याची, खुणा रोवण्याची मुभा होती. आगाऊ सात दिवसांची सूचना लागे ती घरात किंवा घराला लागून असलेल्या बंदिस्त अंगणात वा बागेत शिरायचे असेल तरच. उघड्या शेताला ती अदब नव्हती. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने हे बदलले. त्याचे बारावे कलम सांगते की, जमिनीवरची पाहणी मालकाच्या किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्या गैरहजेरीत करू नये. करायचीच तर निदान साठ दिवस आधी नोटीस देऊन त्याला हजर राहण्याची वाजवी संधी दिलेली असावी. अकराव्या कलमाने तर त्याहून महत्त्वाची गोष्ट केली : प्राथमिक अधिसूचना निघाल्यानंतर आणि संपादनाची घोषणा होण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याने दोन महिन्यांत भूमी अभिलेख अद्ययावत करण्याचे काम पुरे केले पाहिजे. म्हणजे आधी पाठनिश्चिती, मग संपादन. झाडांचे मूल्य ठरवताना शेती-फळबागांचे अनुभवी जाणकार घ्यावेत, बांधकामासाठी अभियंता घ्यावा, असेही एकोणतिसावे कलम सुचवते. ही कलमे वाचताना, कोणीतरी या देशातले शेत पाहून ती लिहिली आहेत, असे मला प्रथमच वाटले.

पण ही कलमे आमच्या विहिरीपर्यंत पोहोचली नाहीत, आणि त्याचे कारण जाणून घेण्याजोगे आहे. २०१३ च्या कायद्यानेच आपल्या चौथ्या अनुसूचीत तेरा जुने कायदे बाजूला काढून ठेवले आहेत. रेल्वेचा, कोळसा क्षेत्राचा आणि १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा त्यांत येतात. २०१५ मध्ये मोबदला आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी या तेरांनाही लागू झाल्या. पैशाचे माप सारखे झाले, पण मोजण्याची रीत सारखी झाली नाही. महामार्ग कायद्याचे कलम ३ब म्हणते की ३अ ची अधिसूचना निघाली की अधिकार दिलेल्या माणसाला पाहणी, मोजणी, मूल्यमापन, खोदाई, खुणा हे सर्व करणे कायदेशीर ठरेल. मालकाची उपस्थिती, साठ दिवस, अभिलेख अद्ययावत करणे, यांतले काहीही त्या कलमात नाही. ३अ चा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा असतो, आणि हरकतीला एकवीस दिवस असतात. माझ्या अण्णांच्या घरी वर्तमानपत्र येते ते दुसऱ्या दिवशी वाण्याच्या पुडीचे. मोजणीची नोटीस गावात लावण्याची जी रीत आहे ती रीतच आहे, त्या कलमाने दिलेला हक्क नव्हे.

याचा अर्थ असा की, एकाच गावात पाझर तलावासाठी जाणाऱ्या शेताचा मालक साठ दिवस आधी बोलावला जाण्याचा अधिकारी आहे, आणि त्याच्याच बांधाला लागून महामार्गासाठी जाणाऱ्या शेताचा मालक नाही. मला यात कोणतेही तत्त्व दिसत नाही. रस्ता घाईचा असतो असे म्हणतात. असेल. साठ दिवसांची घाई वाचवून आमच्या प्रकरणात शासनाने किती वर्षे वाचवली हे पुढे येईलच.

आता विरोधाचा मुद्दा. 'मोजणी रोखली', 'मोजणी पथकाला पिटाळले' अशा बातम्या आपण वाचतो आणि आपल्यातले पुष्कळजण मनात म्हणतात, मोजू द्यायला काय हरकत आहे, नुसते मोजल्याने काय होते? या प्रश्नाचे उत्तर मुळशीच्या मावळ्यांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. टाटांच्या धरणासाठी रीतसर संपादन होण्याआधीच शेतांत चर खणले गेले, ही तिथल्या पहिल्या तक्रारींपैकी एक होती. रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ रोजी, सुरू झालेला सत्याग्रह पुढे सेनापती बापटांच्या नावाने ओळखला गेला, पण त्याचे मूळ असल्या न विचारता मारलेल्या कुदळीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये बाया रस्त्यावर आडव्या पडल्या त्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती-परीक्षणाविरुद्ध. शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी २०२४ पासून विरोध केला तोही याच जाणिवेने. खुणेचा दगड एकदा रोवला की 'द्यायची का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'किती' एवढाच उरतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मोजणी ही माहिती गोळा करण्याची तटस्थ क्रिया आहे असे फक्त कार्यालयात बसलेल्याला वाटते.

तरीही माझे मत सरळ त्या बाजूचे नाही, आणि हे सांगताना गावातल्या काही माणसांचा राग मी ओढवून घेतला आहे. आमच्याकडे वाडीवरच्या सात-आठ घरांनी मोजणीवर बहिष्कार घातला होता. त्यांच्या गटांचे पत्रक अभिलेखावरून, कार्यालयात बसूनच तयार झाले. त्यात एका घराच्या सबंध पाइपलाइनला निरंक, दुसऱ्याच्या सोळा आंब्यांना निरंक. हजर राहावे तर 'मालकाच्या समक्ष, त्याच्या संमतीने मोजणी केली' असे वाक्य पंचनाम्यात आपसूक येते. हजर न राहावे तर शेत कोरे होते. सामान्य माणसाला या दोहोंतून निवडायला लावणे हीच मुळात अन्यायाची गोष्ट आहे. खरे पाहता तोडगा अवघड नाही. मोजणी पत्रकावर आणखी एक रकाना हवा : 'धारक हरकत राखून हजर'. संपादनाला माझा विरोध आहे, तरीही माझ्या शेतात काय आहे हे नोंदवायला मी उभा आहे, असे म्हणण्याची सोय. आणि त्या दिवशी, त्याच बांधावर, भरलेल्या पत्रकाची प्रत धारकाच्या हातात. आज ती प्रत अर्ज करून, फी भरून, खेटे घालून मिळवावी लागते, आणि तोवर हरकतीचे एकवीस दिवस संपलेले असतात.

जोतीरावांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कागद लिहिणारा कारकून आणि त्यावर निशाणी करणारा अडाणी शेतकरी यांच्यातली दरी दाखवली आहे. आपण ती इतिहास म्हणून शिकवतो. माझे वडील जुनी सातवी शिकलेले आहेत, सही झोकदार करतात, आणि मी त्यांची एम.ए. झालेली मुलगी. दरी तशीच आहे. फक्त ती आता अक्षरओळखीची राहिलेली नाही, परिभाषेची झाली आहे. अण्णा गुंठ्यांत विचार करतात, पत्रक आरमध्ये बोलते आणि रस्त्याचा अभियंता चौरस मीटरमध्ये. चोवीस आर म्हणजे पावणेचोवीस गुंठ्यांच्या आसपास, हे मी त्यांना वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मग तसंच लिवायला काय झालं हुतं?" १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारचे काम मराठीत आले, भाषा संचालनालयाने कोश केले, हे चांगलेच झाले. पण 'मोजणीदार'चा 'भूकरमापक' केल्याने आणि 'जमीन गेली'चे 'क्षेत्र बाधित' केल्याने कागद मराठीत येत नाही. गंमत म्हणजे फाळणी, फेरफार, जिराईत, कमीजास्त पत्रक हे जुने शब्द गावकऱ्यांना बरोबर कळतात. अडतात ते नवे.

एक गोष्ट आणखी. २०१३ चा कायदा 'बाधित कुटुंब' या संज्ञेत जमीनमालकाशिवाय तीन वर्षे त्या जमिनीवर राबलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी यांनाही घेतो. मोजणी पत्रकात त्यांच्यासाठी रकानाच नसतो. आमच्या त्या ओढ्याकडच्या तुकड्यात एक बाई आणि तिचा मुलगा वीसेक वर्षे निम्म्या वाट्याने भाजीपाला करत होते. विहिरीसाठी भांडायला अण्णा होते, त्यांच्यासाठी कोणी नव्हते. खरे सांगायचे तर आमच्या हरकतीच्या अर्जातही त्यांचे नाव नव्हते. तो मसुदा मीच लिहिला होता. माझ्याही लेखणीतून एक ओळ गळली.

मराठी कादंबरीने विस्थापितांकडे पाहिलेच नाही असे कोणी म्हणणार नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) धरणग्रस्तांच्या परवडीवर आहे आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण एकूण आपले साहित्य उठून गेलेल्या माणसांमागे जाते. पाणी चढते, घरे उतरवली जातात, नवी वसाहत बसत नाही. हे दृश्य आहे, त्यात नाट्य आहे. मोजणीच्या दिवसात नाट्य नाही. तिपाईवरचे यंत्र, उन्हाची तलखी, 'सोळा आंबे लिहा' म्हणणारा म्हातारा आणि 'फळावरचे किती?' असे विचारणारा कर्मचारी. आंबा फळावरचा की रोपटे, विहीर पक्की की कच्ची, घर मातीचे की विटांचे, यांतल्या एकेका विशेषणावर हजारोंचा फरक पडतो. विशेषणांना इतकी किंमत मिळण्याचा प्रसंग आपल्या व्यवसायात क्वचितच येतो, आणि तरी आपण त्याकडे पाहिलेले नाही.

गेल्या दोन वर्षांपासून मी तृतीय वर्षाच्या व्यावहारिक मराठीच्या तासाला, इतिवृत्त आणि अर्जलेखन यांच्या जोडीला, नावे झाकलेले एक मोजणी पत्रक वाचायला देते. ते अभ्यासक्रमात नाही. पहिल्या वर्षी वर्गातल्या हुशार मुली गप्प बसल्या आणि मागच्या बाकावरच्या, वडील कोतवाल असलेल्या एका मुलाने उठून टिपण, फाळणी, आकारफोड हे सगळे फळ्यावर काढून दाखवले. तासानंतर तिघी-चौघींनी आपापल्या घरचे कागद आणून विचारले. एकीच्या आजीच्या नावापुढे 'अ.पा.क.' होते. अज्ञान पालनकर्ता. आजी आज ऐंशीच्या आहेत.

आमच्या विहिरीचे पुढे काय झाले, हे सांगून थांबते. फेरपाहणीचा अर्ज केला, वर्षाने पाहणी झाली, पुन्हा मे महिन्यातच. 'जुनी विहीर, कोरडी' अशी नोंद झाली आणि त्या मानाने मूल्य निघाले. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, त्यामुळे वारसांची कागदपत्रे पुरी होईपर्यंत रक्कम अडकली. चुलतभावांनी तिसऱ्या हिश्शाची हरकत घेतली, कारण तोंडी वाटपाचा पत्रकात उल्लेख नव्हता. थोरले चुलते आबा प्रांताधिकाऱ्यांपुढे उभे राहून म्हणाले की, ती बाजू धाकट्याचीच आहे. त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले गेले आणि पुरावा मागितला गेला. प्रकरण लवादापुढे आहे. दरम्यान २०२२ मध्ये रस्ता पुरा झाला. चांगला रस्ता आहे. कॉलेजपासून घरी जायला मला आता चाळीस मिनिटे कमी लागतात.

मागच्या दिवाळीत अण्णांनी मला शंभराचे दोन आणि पाचशेचा एक असे स्टॅम्पपेपर आणून दिले आणि उरलेल्या जमिनीचे वाटप लिहायला बसवले. आबा शेजारी होते, आत्यालाही बोलावले होते. बांध, झाडे, पाइपलाइन, कोणी कोणत्या वर्षी काय लावले, सगळे त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. भाजीपाला करणाऱ्या त्या मायलेकरांना उरलेल्या वाफ्यांत पूर्वीच्याच वाट्याने करू द्यायचे, हेही लिहायला लावले. विहिरीपाशी मी थांबले, कारण ती आता रस्त्याच्या पोटात आहे. "लिही," अण्णा म्हणाले, "विहीर एक, बुजवलेली."